सातबारा बापाचा, गांजा पोराचा

वाशिमहून रिसोडला जाताना वाटेत रिठद लागतं. सोयाबीन निघाल्यावर या पट्ट्यात शेतात उभी राहते ती तूर. दिवाळीनंतर ती माणसाच्या डोक्याला लागते आणि आत काय आहे ते बांधावरून दिसत नाही. रिठदच्या शिवारात काही सापडलं आहे असं मुळीच नव्हे. पण समजा, अशाच एखाद्या गावात तुरीच्या ओळींमध्ये गांजाची पंधरा-वीस झाडं पोलिसांच्या हाती लागली. लावली एकोणीस वर्षांच्या पोरानं. सातबाऱ्यावर नाव बापाचं. ज्या मोटारसायकलवरून पुड्या तालुक्याला जायच्या, तीही बापाच्याच नावावर. पोलिसांनी पोराला उचललं, इथवर कुणाचं काही म्हणणं नाही. बापाचं काय करायचं?

पारावर या प्रश्नाची दोनच उत्तरं मिळतात. एक म्हणतो, पोट्ट्यानं केलं, त्यात बिचाऱ्या बापाचा काय दोष? दुसरा म्हणतो, आधी बापाले आत टाका, मंग पोट्टे आपोआप सुधरतीन. दुसऱ्या उत्तराला अलीकडे शहरांतही भाव आला आहे. नाशिकजवळच्या शिंदे गावात २०२३ मध्ये एमडीचा, म्हणजे मेफेड्रोनचा कारखाना सापडला. पुढच्या वर्षी दौंड तालुक्यातल्या कुरकुंभमध्ये सापडला. २०२५ मध्ये तर तुळजापूरसारख्या देवीच्या गावात एमडीच्या पुड्यांचं प्रकरण निघालं आणि आरोपींच्या यादीत पुजाऱ्यांचीही नावं आली. त्यानंतर ‘आईबाप काय झोपले होते का?’ हा प्रश्न सगळीकडून येऊ लागला. प्रश्न रास्त आहे. फक्त तो विचारणाऱ्यांना वाटतं, की कायद्यात आईबापांबद्दल काहीच नाही. आहे, आणि गावाकडच्या माणसाला दचकवेल इतकं आहे.

अमली पदार्थांचा कायदा १९८५ चा. पोलिसांच्या बोलण्यात तो ‘एनडीपीएस’. केवळ आई किंवा बाप आहे म्हणून कुणाला शिक्षा करणारं कलम त्यात नाही. मात्र कलम ४६ थेट जमीनधारकाला उद्देशून आहे. आपल्या जमिनीत गांजा किंवा अफू बेकायदा लावली गेली असेल, तर त्यानं ताबडतोब पोलिसांना कळवलंच पाहिजे. माहीत असून कळवलं नाही तर तो स्वतः शिक्षेला पात्र. पुढचं कलम ४७ हीच जबाबदारी सरकारी अधिकाऱ्यांवर, पंचांवर, सरपंचावर आणि गावच्या प्रत्येक अधिकाऱ्यावर टाकतं. पोलीस पाटील यात आला, तलाठी आला. जाणूनबुजून गप्प बसलेल्या सरपंचावरही गुन्हा दाखल होऊ शकतो, हे किती ग्रामपंचायतींत माहीत असेल? या कलमांत शिक्षेचा आकडा दिलेला नाही, त्यामुळे कलम ३२ प्रमाणे ती सहा महिन्यांपर्यंत जाते. लावणाऱ्याची शिक्षा मात्र दहा वर्षांपर्यंत आणि एक लाखापर्यंत दंड. झाडं किती होती याचा तिथं हिशेब नाही.

घराचंही तसंच. कलम २५ प्रमाणे घर, खोली, गोठा, गाडी ज्याच्या ताब्यात आहे त्यानं जाणूनबुजून ती जागा या धंद्याला वापरू दिली, तर मूळ गुन्ह्याचीच शिक्षा त्यालाही. मोटारसायकल जप्त होते. ती सोडवायची तर मालकानं दाखवावं लागतं, की हे आपल्या नकळत झालं आणि आपण योग्य ती खबरदारी घेतली होती. पोरगं फरारी असताना त्याला नातेवाइकाच्या मळ्यात लपवून ठेवलं, तर तो वेगळा गुन्हा. गंमत अशी, की गुन्हेगाराला आसरा देण्याच्या या कलमातून नवरा-बायकोला सूट आहे, आईबापांना नाही. इंग्रजांच्या काळात ठरलेली ही विभागणी भारतीय न्याय संहितेतही तशीच आली. नवऱ्याला लपवणाऱ्या बायकोचं मन कायद्याला कळतं. पोराला लपवणाऱ्या आईचं का कळू नये, याचं उत्तर कुणी दिलेलं नाही.

मालमत्तेचा धागा तर आणखी लांब जातो. मोठ्या तस्करीत सापडलेल्याच्या नातेवाइकांची मालमत्ताही जप्तीच्या कक्षेत येते, आणि ‘नातेवाईक’ या शब्दात आई, बाप, भाऊ, बहीण सगळे आहेत. पैसा कुठून आला हे सिद्ध करण्याचं ओझंही त्यांच्यावरच. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठानं १९९४ मध्ये अमृतलाल प्रजीवनदास खटल्यात या तऱ्हेची तरतूद वैध ठरवली, पण तिला वेसणही घातली: नातं आहे म्हणून मालमत्ता जाणार नाही, ती त्या काळ्या पैशातूनच आलेली असली पाहिजे. शिवाय अटकेआधी सहा वर्षांपेक्षा जुन्या मालमत्तेला हात लावता येत नाही. थोडक्यात, आजोबांच्या वेळचं वावर सुरक्षित; पोराच्या पैशातून बापाच्या नावावर घेतलेला प्लॉट नाही.

या सगळ्या तरतुदींत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो, तो म्हणजे ‘जाणूनबुजून’. आईबापांच्या जबाबदारीचा सगळा खटला त्या शब्दावर उभा आहे. सातबाऱ्यावरचं नाव हा त्याचा पुरावा नव्हे. कलम ५४ सुद्धा गृहीत धरतं ते ज्यानं जमीन कसली त्याच्याविरुद्ध, ज्याच्या नावावर आहे त्याच्याविरुद्ध नाही. अलख राम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं हेच केलं. कुटुंबाच्या सामायिक जमिनीत अफूची झाडं सापडली होती; ती याच माणसानं लावली हे सरकार पक्षाला दाखवता आलं नाही, म्हणून तो सुटला. वऱ्हाडात सातबारा म्हणजे बहुतेकदा भाऊ, चुलते, वारलेले आजोबा आणि लग्न होऊन गेलेल्या आत्या यांची वंशावळच. त्या यादीतल्या प्रत्येकाला आरोपी करायचं ठरवलं तर निम्मं गाव पिंजऱ्यात उभं राहील.

अर्थात ‘आम्हाले काय माहीत’ हे वाक्य प्रत्येक वेळी खरं असतं असंही नाही. सव्वा एकर कोरडवाहू असलेल्या घरात पोराच्या हातात लाखाचा मोबाईल येतो, आठवड्याला नवे बूट येतात, घराला फरशी बसते, आणि पैसा कुठला हे कुणी विचारत नाही. अशा घरात अज्ञान ही सोय असते. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात (आपलं वाशिम जिल्ह्यातल्या मालेगावजवळचं शिरपूर जैन नव्हे) सातपुड्याच्या पायथ्याला पोलिसांनी गांजाची शेतंच्या शेतं वारंवार उपटून जाळली आहेत. एवढी शेती एकटा पोरगा घरच्यांपासून चोरून करू शकत नाही. ज्या बापानं पाणी दिलं, ज्या काकानं राखण केली, त्यांच्यावर कलम ४६ नव्हे तर लागवडीचंच कलम लागायला हवं. त्यासाठी नवा कायदा नको. फोन, बँकखातं, मजुरांचे जबाब तपासण्याची मेहनत हवी. पोरगा आणि मुद्देमाल एकाच पंचनाम्यात मिळाला की फाईल बंद करण्याचा मोह टाळायला हवा.

सोलापूर जिल्ह्यातल्या मोहोळ तालुक्याच्या एका शेतकऱ्यानं २०२१ मध्ये थेट जिल्हाधिकाऱ्यांकडे अर्ज केला होता: कुठल्याच पिकाला भाव नाही, तेव्हा दोन एकरांत गांजा लावायची परवानगी द्या. पोलिसांनी त्याला प्रसिद्धीचा स्टंट म्हटलं. स्टंट असेलही, पण निदान त्यानं जमीनधारक म्हणून आगाऊ कळवलं तरी!

पोरगा अठरा वर्षांच्या आतला असेल तर चित्र पार बदलतं, आणि इथंच आईबापांचं अज्ञान सगळ्यात महाग पडतं. २०१५ चा बाल न्याय कायदा मुलाच्या संगोपनाची पहिली जबाबदारी कुटुंबाची, असं तत्त्व म्हणूनच सांगतो. मुलाला नशेचा पदार्थ किंवा दारू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे. पुड्या पोचवायला, विकायला मुलाला वापरणाऱ्यालाही तेवढीच. देणारा किंवा वापरणारा जन्मदाता असला तरी सुटका नाही. मुद्दाम हेळसांड केल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कैद आहे. मुलाला झालेला दंड आईबापांनी भरावा, असा आदेश बाल न्याय मंडळ देऊ शकतं. तीन वर्षांपर्यंत चांगल्या वागणुकीचं हमीपत्र त्यांच्याकडून लिहून घेऊन मूल त्यांच्या ताब्यात देऊ शकतं. म्हणजे पालकांची कायदेशीर जबाबदारी आधीच लिहिलेली आहे, आणि तुरुंगापेक्षा कामाच्या भाषेत लिहिलेली आहे.

दुसरी बाजू बहुतेकांना ठाऊकच नसते. सोळा वर्षांच्या मुलाच्या खिशात गांजाची पुडी सापडली, तर त्याच्यावर एफआयआर होत नाही. नियम असा, की गुन्हा अतिगंभीर नसेल आणि सोबत प्रौढ आरोपी नसेल, तर पोलिसांनी ठाण्याच्या डायरीत नोंद करायची, मुलाच्या घरच्या परिस्थितीचा अहवाल बनवायचा आणि मंडळापुढे ठेवायचं. गांजाच्या बाबतीत एक किलोपर्यंत ‘अल्प’ आणि वीस किलोच्या वर ‘व्यावसायिक’ प्रमाण. किमान शिक्षा दहा वर्षांवर जाते ती व्यावसायिक प्रमाणात, आणि सोळा ते अठरा वयाच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवायचा प्रश्नही तिथंच येतो. एमडीचं मात्र वेगळं: दोन ग्रॅम अल्प, पन्नास ग्रॅम व्यावसायिक. मुलाचं नाव छापायला बंदी आहे आणि मंडळाच्या निकालामुळे पुढं नोकरीला अडचण येऊ नये अशीही तरतूद आहे. हे ठाऊक नसलेला बाप काय करतो? गावातल्या वजनदार माणसाकडे धावतो, पैसे देऊन ‘मिटवून टाका’ म्हणतो. पोराची चूक होती एका पुडीची. बापाची होते लाच देण्याची आणि पुरावा दडवण्याची.

पुण्यात २०२४ मध्ये हेच भल्यामोठ्या प्रमाणावर दिसलं. १९ मेच्या पहाटे कल्याणीनगरात सतरा वर्षांच्या मुलाच्या पोर्शे गाडीखाली दोन तरुण अभियंते गेले. मुलाला तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगून जामीन मिळाला आणि देश खवळला. दोन दिवसांत बापाला अटक झाली. त्यात बाल न्याय कायद्याची हेळसांडीची आणि मुलाला नशा पुरवण्याची कलमं होती, शिवाय मोटार वाहन कायद्याचंही कलम होतं. पुढं ससून रुग्णालयात रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टर, बाप आणि आईही गजाआड गेले. चालकाला डांबून ठेवल्याच्या आरोपावरून आजोबाही. खटल्याचा निकाल व्हायचा तेव्हा होईल. पण आरोपांची यादी नीट वाचली तर दिसतं, की त्यात ‘वाईट बाप असणं’ हा आरोप कुठंच नाही. गाडीची चावी, बारला जायची मुभा, रक्ताची नळी: प्रत्येक आरोप एका कृतीबद्दल आहे. आणि २५ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयानं मुलाला निरीक्षणगृहातून सोडलं, तेव्हा ताबा दिला तो आत्याला. आईबाप दोघंही आत होते.

ती आत्या लक्षात ठेवायला हवी. पालकांना सरसकट आत टाका म्हणणाऱ्यांनी सांगायला हवं, की सुधारायचं ते मूल त्या रात्री जेवणार कुणाच्या घरी.

या मंडळींचा आवडता दाखला मोटार वाहन कायद्याच्या कलम १९९-अ चा असतो. २०१९ च्या दुरुस्तीनं आलेल्या या कलमात अल्पवयीन मुलानं गाडी चालवून गुन्हा केला की पालक किंवा गाडीचा मालक दोषी मानला जातो; तीन वर्षांपर्यंत कैद, पंचवीस हजार दंड. आपल्याला माहीत नव्हतं हे त्यानंच सिद्ध करायचं. मग ड्रग्जला हाच नियम का नको? कारण साधं आहे. गाडी दाराशी उभी असते, तिची चावी खुंटीवर असते, ती कुणाला द्यायची हे घरचा मोठा माणूस ठरवतो. नखाएवढी पुडी टेलिग्रामवर मागवली जाते आणि कॉलेजच्या मागच्या गल्लीत हातात पडते. ती अडवायची चावी बापाच्या खुंटीवर नसते.

अमेरिकेनं हा प्रयोग करून पाहिला आहे. तिथल्या सरकारी घरकुलांच्या भाडेकरारात १९८८ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानं एक अट घातली: भाडेकरू, त्याच्या घरातलं कुणी किंवा पाहुणा ड्रग्जच्या गुन्ह्यात सापडला तर घर खाली करावं लागेल. कॅलिफोर्नियातल्या ओकलंड शहरात चार वृद्धांना या अटीखाली नोटिसा गेल्या. पर्ली रकर या त्रेसष्ट वर्षांच्या बाईंची मुलगी घरापासून दूर रस्त्यावर कोकेनसह सापडली होती. आणखी दोघांचे नातू आवारातल्या पार्किंगमध्ये गांजा ओढताना पकडले गेले होते. आपल्याला काही माहीत नव्हतं, असं या म्हाताऱ्यांचं म्हणणं. मार्च २००२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं आठ विरुद्ध शून्य मतांनी निकाल दिला, की माहीत असो वा नसो, घर खाली करायला सांगता येतं. ‘जाणूनबुजून’ हा शब्द कायद्यातून काढला की त्याची किंमत कोण मोजतं, हे ओकलंडमध्ये दिसलं. नोटीस बंगलेवाल्यांना गेली नाही, कारण ते सरकारी घरात राहतच नव्हते.

इंग्लंडची वाट निराळी. १९९८ च्या कायद्यानं न्यायालय गुन्हा केलेल्या मुलाच्या आईबापांना तीन महिन्यांपर्यंत समुपदेशनाच्या वर्गाला बसवू शकतं. दांडी मारली तर हजार पौंडांपर्यंत दंड. शिक्षा मुलाच्या गुन्ह्याची नाही, वर्ग चुकवल्याची. आपल्या बाल न्याय मंडळालाही मुलाला आणि पालकांना समुपदेशनाला पाठवण्याचे अधिकार आहेत. ते नेटानं वापरले, तर नव्या कलमाची मागणी करणाऱ्यांच्या हाती फारसं काही उरणार नाही.

पालकांना सरसकट शिक्षा करणारा नवा नियम आलाच, तर तो वाशिमसारख्या जिल्ह्यात कुणावर कोसळेल याचा अंदाज बांधायला पंडित लागत नाही. नीती आयोगाच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीतला हा जिल्हा. हंगाम संपला की कामासाठी पुण्या-मुंबईची वाट धरणारी कुटुंबं इथं गावोगाव आहेत. मूल आजीपाशी, बाप बांधकामावर. पोरगा कुणाच्या नादी लागला हे त्याला दिवाळीला गावी आल्यावर कळतं. त्याची ‘देखरेख कमी पडली’ हे खरंच आहे, आणि त्या कमतरतेची शिक्षा तो रोज भोगतो आहे. दुसरीकडे ज्याच्या मागे वकिलांची फौज आहे तो बाप पहिल्याच तारखेला शाळेच्या फीच्या पावत्या आणि समुपदेशकाची बिलं न्यायालयापुढं ठेवील. ऑक्टोबर २०२१ मध्ये मुंबईच्या क्रूझ प्रकरणात शाहरुख खानच्या तेवीस वर्षांच्या मुलाला अटक झाली, तेव्हा बापाच्या संस्कारांवर टीव्हीवर खटला चालला. पुढच्या मे महिन्यात आरोपपत्र आलं, त्यात मुलाचं नावच नव्हतं. त्या घराला तो काळ सोसवला. मजुराच्या घराला सोसवला असता का?

खरी अडचण मात्र पालकाला शिक्षा कमी आहे ही नाही. जो पालक वेळेवर जागा होतो, त्याला कायद्यात धड वाटच नाही. तुरीतल्या झाडांकडे पुन्हा पाहा. बापाला एके दिवशी ती दिसतात. कलम ४६ म्हणतं, ताबडतोब कळव. कळवलं तर पोराला दहा वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. नाही कळवलं तर स्वतः आरोपी. बापानं स्वतःहून पोराला ठाण्यात आणलं, झाडं उपटून दिली, याची सूट पोराला मिळावी असं कलम या कायद्यात नाही. मग बाप काय करतो? रात्री झाडं उपटून जाळतो आणि तोंड बंद ठेवतो. माल कुणाकडून घेतला जायचा, बी कुणी आणून दिलं, ही नावं त्या राखेबरोबर जातात.

नुसती नशा करणाऱ्यासाठी एक दार आहे. कलम ६४-अ सांगतं, की अल्प प्रमाणात सापडलेला व्यसनी स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घ्यायला तयार झाला आणि उपचार पूर्ण केले, तर त्याच्यावरचा खटला चालत नाही. चांगली तरतूद आहे. पण तिला ‘स्वतःहून’ लागतं, आणि व्यसनी माणूस स्वतःहून येतो तो बहुधा सगळं गमावल्यावर. आईबापांनी हात धरून आणलं तर? सज्ञान मुलावर उपचारासाठी त्यांचा कायदेशीर हक्क जवळपास संपलेला असतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याप्रमाणे अल्पवयीनाला पालकांच्या अर्जावर दाखल करता येतं. एकोणीस वर्षांच्याला त्याच्या इच्छेविरुद्ध दाखल करायच्या अटी कडक आहेत, आणि असाव्यातही. पण मग गावानं बापाला ‘तू सांभाळलं नाहीस’ म्हणताना हेही ध्यानात ठेवावं, की सांभाळायचा अधिकार त्याच्या हातून एक वर्षापूर्वीच गेला.

महाराष्ट्राला हे नवं नाही. ऐंशीच्या दशकात गर्दनं, म्हणजे ब्राउन शुगरनं, मुंबई-पुण्याची पोरं पोखरली, तेव्हा अनिल अवचट यांनी त्यावर लिहिलं, पु. ल. देशपांडे यांनी मदत दिली, आणि १९८६ च्या ऑगस्टमध्ये अनिल आणि डॉ. सुनंदा अवचट यांनी पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. व्यसनी माणसाबरोबर त्याच्या घरच्यांनाही बसवून बोलायचं, त्यांना आरोपी न करता उपचाराचा भाग करायचं, ही रीत तिथं पहिल्यापासून आहे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या पाहणीत देशात भांग-गांजा-चरस घेणारे सुमारे तीन कोटी दहा लाख निघाले. व्हाइटनर, सोल्युशन हुंगण्याचं प्रमाण तर मोठ्यांपेक्षा दहा ते सतरा वर्षांच्या मुलांत जास्त निघालं, आणि हुंगण्याच्या त्या वस्तू एनडीपीएसमध्ये येतच नाहीत. त्या विकतो किराणा दुकानदार. तेव्हा फौजदाराला आईबापांचा पत्ता विचारायचाच असेल, तर त्या दुकानाचाही विचारावा.

बदल दोनच हवेत आणि दोन्ही छोटे आहेत. पहिला संसदेनं करायचा: ज्या पालकानं पहिल्यांदाच, तपास सुरू होण्याआधी, पोराची माहिती दिली, त्याच्या पोराला अल्प आणि मधल्या प्रमाणातल्या गुन्ह्यांत कलम ६४-अ सारखं संरक्षण मिळावं आणि कलम ४६ च्या कचाट्यातून बापही सुटावा. व्यावसायिक प्रमाण किंवा मोठी लागवड असेल तर ही सूट अजिबात नको. दुसरा बदल राज्याच्या हातातला आहे. वाशिमला ऑक्टोबर २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय मिळालं. तिथं व्यसनमुक्तीचा सरकारमान्य वॉर्ड असेल, तर रिठदच्या बापाला पोरगं घेऊन अकोला किंवा पुणं गाठावं लागणार नाही, आणि न्यायाधीशासमोर कलम ६४-अ चा अर्ज करताना वकिलाला ‘केंद्र कुठं आहे?’ या प्रश्नावर गप्प बसावं लागणार नाही. तोवर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि तस्करीची खबर द्यायला १९३३ हे दोन क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून घ्यायला कुणाच्या मंजुरीची गरज नाही. कलम ४६ आणि ४७ ही त्याच्या शेजारीच मराठीत लिहावीत, म्हणजे सरपंचालाही स्वतःची जबाबदारी रोज येता-जाता वाचायला मिळेल.